शेवटचं शेत आधी

साखऱ्याला कालवा नाही, आणि नदी म्हणावी अशी नदीही नाही. पाऊस झाला तर ज्वारी, तूर. नाही झाला तर खडी फोडायला जायचं. त्या कोरड्या गावात जन्मलेला सोनाजी जळबा खिल्लारे पुढे कालव्याच्या पाण्याचे हिशोब लिहिणारा माणूस झाला, ही गोष्ट त्याच्या आईला कितीतरी दिवस पटलीच नव्हती.

त्याची आई जनकाबाई. तिच्या तरुणपणी गावच्या विहिरीत तिला पोहरा टाकायची मुभा नव्हती. घागर घेऊन कडेला उभं राहायचं, सगळ्या बायांचं भरून होईपर्यंत थांबायचं, आणि मग कुणाला दया आलीच तर वरून ओतलेलं पाणी झेलायचं. सोनाजी तिच्या लुगड्याचा सोगा धरून तिथं उभा असायचा. पुढे वस्तीला स्वतःची विहीर झाली, जनकाबाई ताठ मानेनं पाणी शेंदायला लागली, आणि तो विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही.

सोनाजी शिकला वसतिगृहात राहून. आधी हिंगोली, मग औरंगाबाद. गणितात पहिल्या वर्गात पास झाला आणि मुंबईतल्या एका सरकारी गणनकेंद्रात नोकरीला लागला. तिथं खोलीभर पसरलेला एक कंप्युटर होता. त्याला थंड हवा लागायची. माणसं बाहेर घामाघूम बसायची. त्याला जे सांगायचं ते पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागे. गठ्ठा आत घातला की यंत्र खडखडत कागद छापून द्यायचं. एक भोक इकडचं तिकडं झालं तरी सगळं मुसळ केरात.

त्याचा बाप जळबा गावात पारावर सांगायचा, "आमचं पोरगं मुंबईला पुठ्ठ्याला भोकं पाडून राहिलं. सरकार त्याचा पगार देते." लोक हसायचे, तोही हसायचा. पण सांगायचं सोडायचा नाही.

चार-पाच वर्षांत सोनाजीच्या हाताखाली दोन माणसं आली. एक हरिचंद राठोड. त्याच्याच मुलखातला, सेनगावकडच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्यापर्यंत सगळे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून, लदेणी करत, मुलूख फिरलेले. तांड्यावरून नोकरीला लागलेला हा पहिलाच, आणि नोकरी अजून कच्ची. बुद्धीनं मात्र असा तल्लख, की दुसरा माणूस कागद-पेन्सिल शोधेपर्यंत याचं उत्तर तयार. दुसऱ्या पद्माबाई, परभणीच्या, वयानं दोघांहून मोठ्या. कार्डांवर भोकं पाडायचं यंत्र त्या चालवायच्या आणि जीभही तितकीच चालवायच्या. सोनाजी स्वतःसकट या तिघांना 'आमची टोळी' म्हणायचा.

टोळीचा एक नियम होता. ज्यानं प्रोग्राम लिहिला, त्यानं तो स्वतः तपासायचा नाही. तो दुसऱ्यानं वाचायचा, आणि वाचताना खटकलं की लहान-मोठं न बघता "थांबा" म्हणायचं.

"काहून भाऊ?" हरिचंदनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "माझ्यावर भरोसा न्हाई का?"

"भरोसा हाय. पण आईला आपल्या लेकराचं नाक गळताना दिसत न्हाई, शेजारणीला दिसतं. माझंही नाक तू बघायचं."

बाकीच्या खोल्यांत याला 'खिल्लारेची बालवाडी' म्हणत. सोनाजीच्या कानावर आलं तेव्हा तो म्हणाला, "चालंल की. बालवाडीत कुणी कुणाला भीत न्हाई."

अठ्ठ्याहत्तर सालच्या रब्बीत या टोळीला एक मानाचं काम मिळालं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर, हट्ट्याजवळ, एका चारीवरच्या, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या लहान पाटावरच्या, शेतांना पाण्याच्या पाळ्या कंप्युटरनं लावून बघायच्या. कुणाचा गहू किती, हरभरा किती, चारीतून पाणी किती येतं, वाटेत झिरपतं किती, हे सगळं घालून प्रत्येक शेताला कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेला, किती तास पाणी, असं छापील पत्रक काढायचं. पाटबंधारे खात्यानं आकडे पाठवले, हरिचंदनं प्रोग्राम लिहिला, सोनाजीनं तो ओळ न् ओळ वाचला, पद्माबाईंनी कार्डं केली. बेरजा जुळल्या. पाणी कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही.

पत्रक पोस्टानं गेलंच होतं, टोळीनं जायची गरज नव्हती. वरिष्ठ तसंच म्हणाले. पण सोनाजी अडून बसला. "साहेब, माझ्या टोळीतल्या कुणीच वाहती चारी बघितलेली न्हाई. पाणी सुटायच्या आधी एकदा चालून येतो." वरिष्ठांना वाटलं, पोरांना गावाकडं जायचं निमित्त पाहिजे. हसून रजा दिली.

वसमत स्टेशनला उतरून, खात्याच्या जीपमधून तिघं हट्ट्याला आले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी सुटणार होतं. उपअभियंता टाकळकर विश्रामगृहात होते. त्यांनी छापील पत्रक भिंतीवर टाचून ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. त्यांनीच वर भांडून हा प्रयोग आपल्या चारीवर आणला होता.

त्याच सकाळी तिघं चारीच्या कालव्याकडच्या तोंडापासून चालायला लागले. पद्माबाईंनी चपला हातात घेतल्या. हरिचंद पुढं पुढं उड्या मारत होता. आपण लिहिलेली शेतं खरोखरीची बघायला मिळतात याचा त्याला कोण आनंद! "हे बघा भाऊ, पहिलं कार्ड! हे दुसरं कार्ड!" असं तो बांधाबांधाला हात लावत सांगत होता.

सोनाजी मात्र दोन्ही बाजूंची शेतं न्याहाळत चालला होता. पत्रकाप्रमाणे उद्या पहाटे पहिलं पाणी तोंडाजवळच्या शेतांना. पण तिथं माणूस दिसत नव्हतं. पाण्यासाठी सारे-वाफे पाडलेले नव्हते. एकजण बांधावर घोंगडी पांघरून उन्हाला झोपला होता. आणि जसजसे ते खाली जाऊ लागले, तसतशी लगबग वाढत गेली. अगदी शेवटच्या शेताजवळ तर खोऱ्यांचा आवाज येत होता. बाया-माणसं पदर खोचून वाफे सावरत होती, चारीतलं गवत काढत होती.

तिथं एक म्हातारी खोऱ्यानं बांध थापत होती. अनुसयाबाई तिचं नाव. सोनाजी थांबला.

"मावशी, एवढी घाई कशाची? तुमची पाळी तर समद्यांच्या मागून हाय ना?"

म्हातारीनं खोरं टेकवलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्या लखमाला हाक मारली. "अय लखमा, हे बघ, शहरातून कोण आलंय! म्हणून राहिलं शेपटाला मागून पाणी!"

लखमा हसला. "भाऊ, चारीवर कधी राहिले न्हाई वाटते. पाणी शेपटाकडून धरतेत. शेवटचं शेत आधी, मग वर वर सरकत जायचं."

"काहून पण?" हरिचंदनं विचारलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"अरे बाबा," अनुसयाबाई म्हणाली, "वरच्याचं एकदा भिजलं की त्याला खालच्याची याद ऱ्हाते व्हय? माझं आधी भिजू दे. मग वरचा आपल्या पाळीसाठी तरी चारी फुटू देत न्हाई, गवत साफ ठेवतो. तुमी शिकलेले दिसता, एवढंही कळत न्हाई?"

सोनाजीच्या ध्यानात आलं. हिशोब सगळा बरोबर होता. फक्त दोन कोरडवाहू गावच्या पोरांनी तो मांडला होता. खात्यातल्या कुणी त्यांना शेपटाचं सांगितलं नव्हतं, कारण चारीवरच्या माणसाला ते सांगावं लागतं हेच सुचत नाही. आणि टाकळकर साहेबांनी कागदावरचे तास तपासले, क्रम वाचलाच नाही. क्रम वेगळा असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

परत फिरताना हरिचंद म्हणाला, "भाऊ, आमच्या लदेणीत नदीवर आलं की म्होरक्या बैल आधी पाणी पिते. तो निवला की मागचे निवतेत. आजा सांगायचा. मला वाटलं, पाण्याचं असंच असतंय सगळीकडं. पुढच्याला आधी."

पद्माबाईंनी हातातल्या चपला पायात घातल्या आणि पाऊल उचललं.

विश्रामगृहावर सोनाजीनं आत जाऊन भिंतीवरचा कागद काढला. "साहेब, हे पत्रक चालणार नाही. क्रम उलटा झालाय."

टाकळकरांनी कागद ओढून घेतला. वाचता वाचता त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हे आत्ता सांगताय? उद्या पाणी सुटतंय! चारीवर याच्यावरून कुऱ्हाडी निघतील. कुणी लिहिलं हे?"

"आम्ही लिहिलं, साहेब."

"आम्ही म्हणजे कोण? मला नाव पाहिजे. वर कळवायचंय मला."

दारात उभ्या असलेल्या हरिचंदनं चौकट धरली. कच्च्या नोकरीवरच्या माणसाचं नाव असं वर गेलं की पुढं काय होतं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. त्याचा बाप तांड्यावर अजूनही प्रत्येकाला त्याच्या नेमणुकीचा कागद दाखवत फिरत होता.

"लिहा," सोनाजी म्हणाला. "सोनाजी जळबा खिल्लारे. तपासून सही मी केली. सहीच्या वरचं सगळं माझं."

टाकळकरांनी कागद टेबलावर टाकला. "खिल्लारे, मी यासाठी भांडलोय हो. लोक म्हणत होते, यंत्राच्या नादी लागू नका." मग आवाज चढवून म्हणाले, "दिवस मावळायच्या आत बरोबर पत्रक द्या. नाही तर उद्या पाणी सोडणारे पाटकरी नेहमीसारखं पाणी धरतील, आणि मी लिहून देईन, की तुमची ती टोळी पुन्हा या कालव्यावर नको. मग केंद्रात तुमचं काय व्हायचं ते होवो."

यंत्र मुंबईला, आणि यांच्यापुढं एक दिवस.

सोनाजी बाहेर आला तर हरिचंद लिंबाखाली पिशवी भरत होता.

"कुठं निघाला?"

"राजीनामा देतो, भाऊ. माझ्यापायी तुमी काहून बुडता?"

सोनाजी शेजारी बसला. "एक सांग. लदेणीत वाटेत एखादा बैल बसला तर तुझा आजा काय करायचा?"

"ओझं उतरवायचा. बाकीच्या बैलांवर थोडं थोडं वाटायचा."

"आणि बैलाला?"

"तो मोकळा चालायचा. संग संग."

"टाकून न्हाई जायचा?"

हरिचंद एकदम चिडला. "टाकून कसा जाईल? घरचा बैल हाय तो!"

"मग ऊठ," सोनाजी म्हणाला. "ओझं आमी वाटून घेतलं. तू चालायला लाग."

व्हरांड्यात टेबल ओढलं गेलं. टाकळकरांच्या कारकुनानं चहा आणता आणता सल्ला दिला, "एवढं काय त्यात? कागद खालून वर वाचायचा!" सोनाजीनं हरिचंदकडं पाहिलं. उत्तर सोनाजीलाही माहीत होतं, पण त्यानं ते हरिचंदवर सोडलं.

हरिचंदनं डोकं वर केलं. "तसं न्हाई जमत हो. तोंडाकडून सुरुवात केली की पाण्याला प्रत्येक शेतापर्यंत नवीन वाट चालावी लागते, तो वेळ मी प्रत्येकाच्या आधी धरला हाय. शेपटाकडून धरलं की पहिल्यांदा अख्खी चारी भरावी लागते, एकदाच. मग वर सरकताना वाट चालायची न्हाई, पाणी तिथं असतेच. आणि शेपटापर्यंत झिरपून कमी पोचतं, म्हणजे त्यांचे तास..." बोलता बोलता तो पेन्सिल शोधायला लागला. कानावरच होती. पद्माबाईंनी ती काढून त्याच्या हातात दिली.

हरिचंद तल्लख खरा, पण आकडेमोडीत सोनाजीचा हात जास्त मुरलेला होता. वेळ कमी होता. बोटं शिवशिवत होती. सगळं आपल्याकडं ओढून घेतलं असतं तर काम कदाचित लवकर झालं असतं, आणि हरिचंद आयुष्यभर त्या लिंबाखालीच बसून राहिला असता. सोनाजीनं मधली खुर्ची त्याला दिली. "रीत तू ठरवायची. आमी दोघं तुझे कंप्युटर. काय करायचं ते सांग."

हरिचंद आधी अडखळला. मग सांगायला लागला. चारीचे तीन भाग पाडले. शेपटाचा भाग स्वतःकडं घेतला, मधला सोनाजीला, वरचा पद्माबाईंना. प्रत्येकाचं दुसऱ्यानं तपासायचं, नेहमीसारखं. झिरप किती धरायची यावर त्याला शंका आली, तेव्हा तो स्वतः उठून टाकळकरांकडं गेला आणि म्हणाला, "साहेब, खालच्या अंगाला चारी किती पितेय?" टाकळकर रागात होते, पण पाण्याबद्दल कुणी नीट विचारलं की त्यांना राहवत नसे. ते चष्मा घेऊन व्हरांड्यात आले आणि तिथंच बसले. मुरमाड जागा कोणती, फुटकी मोरी कोणती, सगळं सांगत राहिले. आता टोळीत चार माणसं झाली.

दुपार कलली तेव्हा पद्माबाई म्हणाल्या, "थांबा."

सगळे थांबले.

"सोनाजीराव, तुमी या भुईमूगवाल्याला गव्हाचं पाणी पाजून राहिले."

सोनाजीनं आपला कागद पाहिला. खरंच होतं. त्याच्यानंतरच्या सगळ्या वेळा पुन्हा कराव्या लागणार होत्या. टाकळकरांनी भुवया उंचावल्या.

"बराबर," सोनाजी म्हणाला आणि रबर मागितलं. "गळलं माझं नाक."

हरिचंद हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

सूर्य बाभळींच्या मागं टेकला असताना पत्रक पुरं झालं. हरिचंदच्या अक्षरात, तिघांनी तपासलेलं. सोनाजीनं तळाशी सही केली.

पहाटे पाणी सुटलं. टाकळकर जीप घेऊन थेट शेपटाला गेले. तिथं हरिचंद आणि पद्माबाई गावकऱ्यांत उभे होते. चारी कोरडी होती. लखमा पुन्हा पुन्हा वर बघत होता. अनुसयाबाई खोरं रोवून म्हणाली, "कागदाला काय, तो बोलला की झालं. पाणी बोललं पाहिजे." हरिचंदनं हातातल्या घड्याळाकडं पाहिलं आणि मग बघायचं सोडूनच दिलं.

मग चारीच्या वळणावर, वाळक्या पानांची एक ओळ पुढं ढकलत, पाणी आलं. सावकाश, गढूळ, जिभेसारखं भुई चाटत. पत्रकात लिहिलेली वेळ आणि ते यात फार तर बिडी ओढण्याइतका फरक. अनुसयाबाईनं चारीवरचं आपल्या शेताचं दार उघडलं. पहिला वाफा काळा झाला, दुसरा झाला. म्हातारी अनवाणी पाण्यात उभी राहिली.

"खिल्लारे कुठं आहेत?" टाकळकरांनी विचारलं.

"ते वर तोंडाशी," पद्माबाई म्हणाल्या. "पाटकऱ्यासंगं थांबलेत. वरच्या कुणी मधीच दार उघडू नये म्हणून. म्हणाले, खाली हरिचंद हाय, मला तिथं काय काम?"

टाकळकरांनी खिशातून कागद काढला. कालची तक्रार होती, अजून न धाडलेली. ती त्यांनी घडी करून परत खिशात घातली आणि हरिचंदला विचारलं, "मला आता दुसरा अहवाल लिहावा लागेल. हे पत्रक कुणी केलं म्हणून लिहू?"

हरिचंदनं पाण्याकडं बघितलं, वर तोंडाच्या दिशेनं बघितलं. तिथून माणूस दिसणं शक्य नव्हतं.

"आमी केलं, साहेब."

"आमी म्हणजे कोण?"

"आमी म्हणजे आमी," हरिचंद म्हणाला. "तुमीबी त्यात आले."

टाकळकर मोठ्यानं हसले. त्यांनी अहवालात तिघांची नावं लिहिली, आणि पुढच्या हंगामात याच माणसांना आणखी चाऱ्या द्याव्यात असंही लिहिलं. उन्हाळ्याच्या आत हरिचंदची नोकरी पक्की झाली. टोळीच्या नियमात एकाची भर पडली: ज्यांच्यासाठी लिहितो त्यांच्या बांधावर चालून आल्याशिवाय एकाही कार्डाला भोक पाडायचं नाही. आता बाकीच्या खोल्यांतले लोकही आपले प्रोग्राम बालवाडीत तपासायला आणू लागले.

हट्ट्याहून सोनाजी साखऱ्याला गेला. जनकाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. पायांना चिखल बघून तिनं विचारलं, "कुठून आला रे? इकडं कुठं एवढा चिखल?"

"कालव्यावर होतो, माय. तिथं पाण्याची पाळी लावून दिली."

"तू?"

"आमच्या टोळीनं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग तव्याकडंच बघत तिनं विचारलं, "पयलं पाणी कोणाला देता?"

"जो समद्यात शेवटी हाय त्याला."

जनकाबाईचा हात थांबला. भाकरीला एक डाग पडला, तिनं ती पटकन उलटली. मग उठून घागरीतून तांब्या भरला आणि त्याच्या पायांवर स्वतः पाणी घातलं.

"अवो," तिनं बाहेर बसलेल्या जळबाला हाक मारली, "पारावर आता भोकं पाडतो म्हणून सांगत जाऊ नका. नीट सांगत जा."